रिसीव्हर घ्यायचाय? आधी त्याची पाठ दाखवा

भाच्याने फोनवर एक फोटो पाठवला. काळा रिसीव्हर, म्हणजे स्पीकरवर गाणी वाजवणारा डबा, मधोमध मोठं गोल बटण, वर निळसर उजेडाची पट्टी. खाली एवढंच लिहिलेलं, “मावशी, हा घेऊ का? शंभर वॅट आहे.” मी लिहिलं, “मागून काढलेला फोटो पाठव.” त्याला वाटलं मावशी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. रिसीव्हरच्या तोंडावर जे दिसतं ते इथूनतिथून सगळ्या रिसीव्हरांवर सारखंच असतं. आपल्या घरातलं काय काय त्याला जोडता येणार आणि काय येणार नाही, ते त्याच्या पाठीवर छापलेलं असतं. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. तरीही माझा पहिला रिसीव्हर मी चेहरा बघूनच पसंत केला होता. घरी आणला, रेकॉर्ड प्लेअरची वायर लावायला फिरवला, तर ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेटच नाही! म्हटलं, ‘ऑक्स’मध्ये, म्हणजे बाकीच्या कशालाही चालणाऱ्या साध्या सॉकेटमध्ये, लावून बघू. आवाज आला, पण जुन्या टेलिफोनमधून यावा तसा. किरटा, दबलेला. तबल्याची चाट तेवढी टिकटिक करत होती, डग्गा कुठे गेला पत्ता नाही. व्हॉल्यूम शेवटापर्यंत पिळला तेव्हा कुठे शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचला.

असं का होतं ते समजून घेतलं की निम्मी निवड सोपी होते. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टचा सिग्नल येतो. रेकॉर्डवर फिरणाऱ्या नेहमीच्या सुईतून, म्हणजे ज्याला एमएम कार्ट्रिज म्हणतात त्यातून, येतात जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. चारशे पाचशे पटींचा फरक. शिवाय रेकॉर्ड कापताना मुद्दाम खालचे सूर दाबतात आणि वरचे उचलतात, कारण खर्ज आहे तसा कापला तर खाचा इतक्या रुंद होतील की बाजूवर गाणीच मावणार नाहीत. वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं. त्यासाठीचा ठरलेला वक्र आरआयएए या नावाने ओळखला जातो, १९५४ पासून तोच चालत आलाय. मधल्या १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल वर आणि २०,००० हर्ट्झला तेवढंच खाली. फोनोच्या सॉकेटमागे बसलेली छोटी सर्किट हेच काम करते. ‘ऑक्स’मागे ती नसते, म्हणून माझा डग्गा गेला.

कागद आणि पेन्सिल

तेव्हा दुकानात शिरण्याआधी, किंवा फोनवर बोट फिरवण्याआधी, कागदावर लिहा: मी गाणं कशावरून ऐकते? पुढे कधीतरी ऐकायचंय ते नको, गेल्या महिन्याभरात खरोखर कशावरून ऐकलं ते. माझ्या कागदावर होतं रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर, टीव्ही, फोन आणि सकाळी रेडिओ. पाच वस्तू, म्हणजे पाच वाटा. त्या पाचही पाठीवर सापडल्या पाहिजेत.

रेडिओ या यादीत नसेल तर एक क्षण थांबा, कारण कदाचित तुम्हाला रिसीव्हर नकोच आहे. रिसीव्हर म्हणजे एका डब्यात तिघं जण: रेडिओ पकडणारा ट्यूनर, कुठला सिग्नल घ्यायचा आणि किती मोठा करायचा ते ठरवणारा प्रीॲम्प, आणि स्पीकर हलवणारा पॉवर ॲम्प. ट्यूनर काढला की उरतो त्याला इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर म्हणतात. खाली जे लिहिलंय ते त्यालाही लागू आहे. सिनेमासाठीचे पाच, सात, नऊ चॅनेलवाले एव्ही रिसीव्हर ही मात्र वेगळी जात. त्यांच्यात एकच ट्रान्सफॉर्मर आणि एकच उष्णता सात जणांत वाटून घ्यायची असते. दोनच स्पीकर लावून गाणी ऐकायची असतील तर उरलेल्या पाच चॅनेलांचं ओझं कशाला?

पाठ कशी वाचायची

फोनो असेल तर त्याच्याजवळ एक छोटा स्क्रू असतो, ‘जीएनडी’ लिहिलेला. रेकॉर्ड प्लेअरची बारीक अर्थची वायर तिथे लावायची, नाहीतर गाण्याखाली सतत ‘घूंऽऽ’ चालू राहील. बहुतेक रिसीव्हरांचं फोनो एमएम सुईसाठी असतं. एमसी प्रकारची सुई असेल, तर तिच्यातून बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासच येतं. तिला वेगळी सोय लागते. आणि हल्लीच्या पुष्कळ रेकॉर्ड प्लेअरमध्ये फोनोची सर्किट आतच असते, मागे ‘फोनो/लाइन’ असा खटका असतो. तसा असेल तर रिसीव्हरला फोनो नसला तरी अडत नाही. फक्त दोन्ही एकदम वापरू नका. वक्र दोनदा लागला की सगळं फाटकं, घुमणारं ऐकू येतं आणि माणूस उगाच सुईला शिव्या देतो.

टीव्हीसाठी दोन वाटा आहेत. एक ऑप्टिकल, म्हणजे लाल उजेडाची बारीक वायर. दुसरी एचडीएमआय, पण तिच्यावर ‘एआरसी’ लिहिलेलं हवं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीने उलटा रिसीव्हरकडे येतो. एआरसी असेल तर टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमीजास्त होतो आणि घरातल्या बाकीच्यांची तक्रार राहत नाही. ऑप्टिकलवर तसं होत नाही, रिमोट दोन सांभाळावे लागतात. इथे एक खाचखळगा सांगून ठेवते, कारण यावरून मला किमान चार फोन आलेत: सगळं नीट जोडलं, टीव्हीवर चित्र आहे, रिसीव्हर मात्र मुका. दोष कुणाचाच नसतो. टीव्ही आवाज डॉल्बी पद्धतीने दाबून, त्याचं गाठोडं बांधून पाठवत असतो आणि दोन चॅनेलच्या रिसीव्हरला ते सोडवता येत नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘पीसीएम’, म्हणजे गाठोडं न बांधलेला साधा आवाज, निवडा, लगेच बोलायला लागेल.

‘सबवूफर आउट’, म्हणजे खर्जाच्या वेगळ्या स्पीकरसाठीचं सॉकेट, असेल तर चांगलं, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. पुष्कळ स्टीरिओ रिसीव्हरांत तिथून खर्जाचा सिग्नल नुसता बाहेर काढून दिलेला असतो. मुख्य स्पीकरांच्या डोक्यावरचं खर्जाचं ओझं त्याने उतरत नाही, ते आधीसारखेच पूर्ण सूर वाजवत राहतात. छोट्या स्पीकरांना खर्जापासून सोडवायचं असेल तर माहितीपुस्तिकेत ‘हाय-पास’ किंवा ‘क्रॉसओव्हर’ शब्द शोधा. ‘प्री-आउट’ असेल तर पुढेमागे मोठा पॉवर ॲम्प जोडता येतो. मी आजवर कधी जोडला नाही. हेडफोनचं सॉकेट पुढच्या बाजूला असतं, तेवढ्यासाठी तोंड बघायला हरकत नाही.

पाठीवरून निवड म्हणजे काय याचं उदाहरण द्यायचं तर, सोनीचा एसटीआर-डीएच१९० आणि यामाहाचा आर-एस२०२ हे दोन्ही १०० वॅटचे म्हणून ओळखले जातात, दोघांत ब्लूटूथ आहे. पण सोनीला फोनो आहे, यामाहाला नाही. आणि डिजिटल सॉकेट दोघांनाही नाही, म्हणजे ज्या टीव्हीला फक्त ऑप्टिकल आहे तो दोघांनाही थेट लागणार नाही. उलट मरँट्झचा एनआर१२०० घ्या. वॅट ७५च, पण पाठीवर फोनो आहे आणि एचडीएमआयच्या पाच वाटा आहेत. वॅटच्या आकड्याने हे तिघे ओळीत उभे केले तर माझ्यासारखीच्या दृष्टीने नेमका उलटा क्रम लागेल.

वॅटचं गारूड

आता त्या शंभर वॅटकडे येऊ. या आकड्याने जितकी माणसं फसतात तितकी बहुधा कशानेच नाही.

पहिली गोष्ट, वॅट कोणत्या अटीवर मोजलेत? १९७० च्या सुमारास उत्पादक मनाला येईल तो आकडा छापायचे. शेवटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला: आकडा सांगायचा तर तो सलग वाजवून मोजलेला हवा, दोन्ही चॅनेल एकदम चालू हवेत, आणि किती ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा), कुठपासून कुठपर्यंतच्या सुरांवर, किती विकृतीसह, तेही सांगायला हवं. म्हणून प्रामाणिक ओळ अशी दिसते (टीएचडी म्हणजे तीच विकृती): ‘८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.१ टक्क्यापेक्षा कमी टीएचडी, दोन्ही चॅनेल चालू’. अप्रामाणिक ओळ अशी: ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी’. तोच ॲम्प, तेच पोट, पण दुसऱ्या ओळीत आकडा बराच फुगतो. १० टक्के विकृती म्हणजे आवाज चक्क फाटलेला असतो. आणि ‘पीएमपीओ’ हा शब्द दिसला तर हसून पुढे जा. ते कुठलंही मोजमाप नाही, छापणाऱ्याचा उत्साह आहे.

दुसरी गोष्ट, वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. ५० चे १०० वॅट झाले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कान देऊन ऐकलं तर कळेल, एवढाच फरक. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट स्पीकर बदलला तर केवढं घडतं बघा. स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ लिहिलेली असते: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. ८६ चा स्पीकर आणि ९२ चा स्पीकर यांत ६ डेसिबल आहेत, म्हणजे ९२ वाल्याला तोच आवाज काढायला चौथा हिस्सा वॅट पुरतात. (कागदावर एक वॅटऐवजी २.८३ व्होल्ट लिहिलं असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर तिथे दोन वॅट गेलेले असतात. आकड्यातून ३ वजा करून वाचा.)

हिशोब घरच्या घरी होतो. स्पीकरपासून तुम्ही तीन मीटरवर बसता असं धरू. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतराने ९-१० डेसिबल गळले असते, पण स्पीकर दोन आहेत आणि भिंती थोडं परत देतात, म्हणून मी ६ वजा धरते. ८६ चा स्पीकर, एक वॅट, बसल्या जागी ८०. गाण्यातली अगदी जोरकस जागा ९५ डेसिबलला जावी अशी हौस असेल तर आणखी १५ डेसिबल, म्हणजे ३२ पट. ३२ वॅट. ९२ चा स्पीकर असेल तर आठ!

भाच्याला हे पटलं नाही. मलाही शाळेत असताना कुणी नुसतं सांगितलेलं पटायचं नाही, म्हणून आम्ही प्रयोग केला. तुम्हीही करा, साधा मल्टिमीटर पुरतो. सध्या जो काही ॲम्प आहे त्यावर नेहमीची गाणी लावा आणि ‘याहून मोठं मी कधीच लावणार नाही’ इथपर्यंत आवाज वाढवा. टोनची बटणं मधोमध, लाउडनेस बंद. आता व्हॉल्यूमच्या बटणाला हात न लावता गाणं थांबवा, रिसीव्हर बंद करून स्पीकरच्या वायरी काढून ठेवा. हे विसरू नका, नाहीतर स्पीकर जाईल. मग त्याच ठिकाणाहून ५० किंवा ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा एकच सूर वाजवा, अशा फायली सहज मिळतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि एका चॅनेलच्या लाल-काळ्या टोकांवर टेकवा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका. जो आकडा येईल त्याचा वर्ग करा, स्पीकरच्या ओहमने भागा. तुमच्या संगीताला जास्तीत जास्त किती वॅटचा ॲम्प लागतो, त्याचं हे उत्तर.

माझ्या बारा बाय चौदा फुटांच्या खोलीत, ८६ डेसिबलच्या ८ ओहम स्पीकरवर, आतल्या खोलीतून “अगं हळू!” अशी हाक येईपर्यंत वाढवलेल्या आवाजाला मीटरने दाखवले ६.५ व्होल्ट. वर्ग ४२.२५, भागिले ८. पाच वॅट आणि वर चिल्लर. भाचा मीटरच्या पट्ट्या चाचपायला लागला, बॅटरी गेली असेल म्हणून.

मग ५ वॅटचाच घ्यावा का? नाही, थोडी ऐसपैस जागा हवी. उद्या खोली बदलते, स्पीकर बदलतो, चार माणसं जमतात. माझं मत विचाराल तर साधारण खोलीला, साधारण स्पीकरला, प्रामाणिकपणे मोजलेले ४० ते ६० वॅट भरपूर झाले. मोठी बैठकीची खोली आणि ८४-८५ चे हट्टी स्पीकर असतील तर शंभराकडे बघा. त्यापुढचे वॅट पाहुण्यांना सांगण्यासाठी.

ओहमकडे मात्र दुर्लक्ष करू नका. स्पीकरवरचा ‘८ ओहम’ हा सरासरीसारखा आकडा आहे. प्रत्यक्षात सूर बदलेल तसा तो वरखाली होतो आणि काही स्पीकर एखाद्या जागी ४ च्या आसपास उतरतात. तिथे ॲम्पला दुप्पट करंट पुरवावा लागतो. म्हणून कागदावर ४ ओहमला किती वॅट दिलेत ते बघा. ८ ला ५० आणि ४ ला ८०-९० असेल तर ॲम्पच्या अंगात दम आहे. ४ चा उल्लेखच नसेल तर सोपे, ८ ओहमचेच स्पीकर लावा. आणि ‘स्पीकर ए’, ‘स्पीकर बी’ अशी दोन जोड्यांची सोय असेल, तर दोन्ही एकदम चालू केल्यावर बहुतेक रिसीव्हरांत त्या समांतर जोडल्या जातात. ८ आणि ८ मिळून ४ होतात. टोकांच्या वर बारीक अक्षरात ‘ए किंवा बी’ला किती आणि ‘ए अधिक बी’ला किती ओहम चालतील ते छापलेलं असतं. पाठ वाचायची म्हणते ती याचसाठी.

रात्री साडेअकराची परीक्षा

सगळे जण रिसीव्हर मोठ्या आवाजात तपासतात. मी हळू आवाजात तपासते, कारण आपण बहुतेक वेळा ऐकतो तसंच. घर झोपलंय, दिवा एकच, तंबोरा ऐकू येईल न येईल इतपत.

इथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली, आवाज अगदी कमी केला की गाणारा मधोमध राहतो का. व्हॉल्यूमचं बटण जुन्या पद्धतीचं, म्हणजे आत दोन पट्ट्यांवर सरकणारं असेल, तर अगदी सुरुवातीला डावं-उजवं जुळत नाही आणि गाणारा एका बाजूला कलंडतो. एकाच माणसाचं बोलणं असलेलं काही लावा, बटण सातच्या काट्यावरून हळूहळू नऊपर्यंत न्या. आवाज जागा सोडत असेल तर तो रिसीव्हर रात्रीच्या कामाचा नाही. चिपवर चालणाऱ्या व्हॉल्यूमला हा दोष नसतो; तिथे रिमोटची एक टिचकी किती मोठी उडी मारते ते बघा. अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्या असल्या की छान.

दुसरी, लाउडनेस. आवाज कमी केला की खर्ज आधी नाहीसा होतो. ॲम्पचा दोष नाही, कानाची रचनाच तशी. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढून दाखवले. लाउडनेसचं बटण हळू आवाजात खालचे, आणि थोडे वरचेही, सूर भरून काढतं. यामाहाच्या काही रिसीव्हरांत हे नुसतं चालू-बंद नसून फिरवता येणारं बटण असतं, मला ते फार आवडतं. टोनची बटणं म्हणजे अडाण्यांचं काम असं मानणारी मंडळी आहेत. त्यांच्या खोल्या बहुधा फार चांगल्या असाव्यात. माझ्या खोलीत कोपऱ्यात खर्ज साचतो, मी बेस दोन खाचा कमी करते आणि सुखाने ऐकते.

रेडिओ, ब्लूटूथ आणि बाकीचं

एफएमबद्दल थोडक्यात. मागे ७५ ओहमचं ॲन्टेनाचं सॉकेट असतं, डब्यासोबत आलेली लोंबती वायर खिडकीकडे उंच ताणून लावा. लांबचं स्टेशन खरखरत असेल तर ‘मोनो’ करा. एफएमचा स्टीरिओ सिग्नल मोनोपेक्षा जात्याच जास्त खरखर धरतो, मोनो केलं की ती एकदम बसते. तुमच्याकडे डिजिटल रेडिओ चालत असेल तर ‘डॅब प्लस’ लिहिलेला ट्यूनर हवा. एफएमचा ट्यूनर ते पकडत नाही.

ब्लूटूथ फोनवरून पटकन काही लावायला बरं. इंटरनेटवरची गाणी थेट वाजवणारे नेटवर्क रिसीव्हरही पुष्कळ आहेत आणि सोयीचे आहेत, पण इथे माझं मत जरा जुनाट आहे. ॲम्प टिकतो, ॲप टिकत नाही. ॲम्प वीस वर्षं सहज चालतो. त्यातल्या सॉफ्टवेअरकडे तो बनवणाऱ्याने पाचसात वर्षांनी पाठ फिरवली, की मधली बटणं नुसती शोभेला. म्हणून मी साधा रिसीव्हर घेते आणि गाणी ओढणारी छोटी डबी वेगळी, मागे लावलेली. तिचे दिवस भरले की तेवढीच बदलायची.

वजन उचलून बघायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. पूर्वी तो बरोबर होता. जड ट्रान्सफॉर्मर म्हणजे दमदार ॲम्प. आता ‘क्लास डी’ जातीचे ॲम्प घेतलेल्या विजेतली ९० टक्क्यांच्या आसपास स्पीकरपर्यंत पोचवतात, त्यांना मोठे पंखे, मोठी धातूची पातं लागत नाहीत. हलका म्हणून हलक्यात काढू नका.

जुना घ्यायचा असेल तर

सत्तरच्या दशकातले चांदीच्या तोंडाचे रिसीव्हर मलाही भुरळ घालतात. तेव्हा कंपन्यांत वॅटची चढाओढ लागली होती. पायोनियरचा १९७८ चा एसएक्स-१९८० दर चॅनेलला २७० वॅटचा आणि जवळजवळ ३५ किलोचा होता, उचलायला दोघं लागतात. पण चाळीस-पन्नास वर्षांत आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. घेण्याआधी मल्टिमीटर बरोबर न्या. चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा रिलेचा आवाज आला पाहिजे. मग व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर न लावता, स्पीकरच्या टोकांवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर ठीक, शंभराच्या पुढे असेल तर आत काहीतरी बिनसलंय आणि ते तुमच्या स्पीकरला भोवेल. प्रत्येक बटण फिरवून बघा. खरखर आली तर घाबरू नका, आत धूळ असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बहुतेक वेळा जाते. एक चॅनेल मधूनच गायब होत असेल तर मात्र भाव न विचारता परत या. दुरुस्त करणारा माणूस ओळखीचा नसेल तर जुन्याच्या वाटेला जाऊच नका, असं मी म्हणते आणि स्वतः पाळत नाही.

ऐकून निवडताना

दोन रिसीव्हर शेजारी ठेवून ऐकायला मिळाले तर उत्तम. पण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला जास्त मोकळा, जास्त गोड वाटतो, आणि ही फसवणूक इतकी बारीक असते की ‘मोठा’ म्हणून ती कळतही नाही. दोघांच्या स्पीकर टोकांवर १०० हर्ट्झच्या सुराला सारखे व्होल्ट येतील असे व्हॉल्यूम लावून घ्या. एकाला २.० आणि दुसऱ्याला २.१ असले तरी ०.४ डेसिबलचा फरक पडतो, तेवढ्याने निकाल फिरू शकतो. हे केल्यावर बऱ्याचदा दोघांत काही फरकच उरत नाही. मग रिमोट हातात कुठला बसतो, बटणावरची अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात का, यावर ठरवायला काहीच लाज नाही. खरा फरक स्पीकर आणि त्यांची जागा पाडतात, म्हणून पैसे वाटताना मोठा हिस्सा तिकडे ठेवा.

घरी आणल्यावर वरती वीतभर मोकळी जागा सोडा, त्याच्या डोक्यावर सीडी प्लेअर बसवू नका, उष्णता वरूनच बाहेर पडते. स्पीकरची वायर साधी तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची चालते. दहा मीटर लांब नेली तरी जाऊन-येऊन पाव ओहमच्या आतच अडथळा होतो. लाल ते लाल, काळं ते काळं. एका बाजूला उलटं झालं की खर्ज विरतो आणि गाणारा खोलीभर पसरतो. आणि मेनूमध्ये आपोआप बंद होण्याची सोय शोधून ठेवा. हळू आवाजात काही रिसीव्हरांना वाटतं की कुणी ऐकत नाहीये, आणि विलंबित रंगात आलेला असताना ते झोपी जातात.

भाच्याने दुसऱ्या दिवशी पाठीचा फोटो पाठवला. फोनो नव्हता, ऑप्टिकल नव्हतं. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, आजोबांचा, आतल्या सर्किटशिवायचा. त्याने तो बेत सोडला आणि महिनाभराने ५० वॅटचा, दिसायला अगदी साधा, पण पाठीवर सगळं असलेला रिसीव्हर आणला. त्याच रात्री फोन. “मावशी, सगळं तू सांगितलंस तसं केलं. लाल ते लाल, अर्थची वायर, पीसीएम, सगळं. पट्टी उजळलीय, पण आवाजच नाही. खराब निघाला बहुतेक.”

मी त्याला पाठ सोडून तोंडाकडे बघायला सांगितलं. ‘स्पीकर बी’चं बटण दाबलेलं होतं.